पांढरे वस्त्र आणि त्याचा पोत

आजच्या भाषणाचा विषय मला माझ्या नातीने दिला, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे. ती धुळ्यास असते आणि शिवणकामाचे शिक्षण घेते. येत्या मार्गशीर्षात तिचे लग्न व्हावयाचे आहे, आणि लग्नानंतरच्या स्वागतसमारंभाचा पोशाख आपला आपणच शिवावयाचा असा तिचा हट्ट आहे. येथवर कोणाचीच हरकत नव्हती. परंतु हा पोशाख आपण आपादमस्तक पांढरा करणार, त्यात दुसऱ्या रंगाचा एक धागाही घालणार नाही; खालचा घेर जाड खादीचा, वरचे पोलके गुळगुळीत साटनाचे आणि ओढणी तलम मलमलीची, एवढ्यावरच सारी शोभा उभी करणार, असे तिने सांगितले मात्र, आणि घरात वादळ उठले. "नवरीच्या अंगावर पांढरे?" असे घरातील वडीलधाऱ्या बायकांनी विचारले. "सगळेच पांढरे, तर मग त्यात पाहावयाचे काय?" असे पुरुषांनी विचारले. मी जन्मभर शाळेत मुलांना इतिहास-भूगोल शिकवीत आलो, म्हणून निवाडा अखेर माझ्याकडे आला.

हे दोन्ही प्रश्न मला वाटतात तितके साधे नाहीत. पहिला प्रश्न रंगाच्या अर्थाचा आहे आणि दुसरा पोताच्या सामर्थ्याचा. दोहोंचीही उत्तरे शोधावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या खानदेशातच ती सापडतात; आणि माझ्यापुरते बोलावयाचे तर आमच्या माजघरातील एका जुन्या पेटीतही सापडतात. त्या पेटीकडे मी मागाहून येईन. आधी प्रांताची हकीकत सांगतो.

आमचा खानदेश मुळात रंगाचा भोक्ता. यावल तालुक्यातील फैजपूर हे गाव एके काळी रंगाऱ्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध होते. गडद निळा आणि तांबडा हे दोन रंग तयार करण्यात तेथील कारागिरांचा हातखंडा होता, आणि तेथे रंगाऱ्यांची सुमारे 250 कुटुंबे नांदत होती, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात आहे. तांबडा रंग निघे तो आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून. झाड लावल्यावर दोनतीन वर्षांनी मुळे खणून काढावयाची, ती कुटावयाची, कापडास आधी तेल आणि तुरटी पाजावयाची, आणि मग ते रंगात उकळावयाचे. निळीची रीत आणखी निराळी. निळीचे पिंप आंबवावे लागे. त्यातून कापड बाहेर काढले म्हणजे प्रथम हिरवट दिसे, आणि वारा लागताच पाहता पाहता निळे होई. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई. ती पुस्तकात नव्हती, बोटांत होती.

या विद्येवर घाला पडला तो सातासमुद्रापलीकडील रसशाळांतून. 1856 साली पर्किन या इंग्रज तरुणाने डांबरापासून जांभळा रंग काढला. 1868 साली जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतील तांबडे रंगद्रव्य कृत्रिम रीतीने बनविले, आणि 1897 साली कृत्रिम नीळ बाजारात आली. जो रंग चढविण्यास पूर्वी आठवडे लागत, तो आता पुडी सोडून घटकाभरात चढू लागला. आलीची लागवड हळूहळू नाहीशी झाली आणि रंगाऱ्याच्या बोटांतील विद्या पुडीत जाऊन बसली. रंग स्वस्त झाला. स्वस्त झाला म्हणून विपुल झाला, आणि विपुल झाला म्हणून त्याचे अप्रूपही ओसरले.

आता कापडाकडे वळू. रंगाचा हा पालट होत असतानाच खानदेशात रेल्वे आली. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि आमच्या काळ्या जमिनीतील कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव ही कापसाची पेठ झाली, तेथे गिरणी निघाली. पुढे 1906 साली अमळनेरास प्रतापशेठजींची गिरणी उभी राहिली. गिरणीच्या कापडाने एक गोष्ट घरोघर नेली. ती म्हणजे सारखेपणा. गिरणीचा धागा पहिल्या वारापासून शेवटच्या वारापर्यंत एकाच जाडीचा. त्यात गाठ नाही आणि चढउतार नाही. हातमागाच्या कापडावर हात फिरविला तर विणणाऱ्याचा दम कोठे लागला, हे कळत असे. गिरणीच्या कापडावर हात नुसता घसरतो.

येथे धाग्याच्या नंबराविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण पोताचे सारे गणित त्यात आहे. 840 वारांची एक लडी धरतात. एका पौंड वजनात अशा जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. वीस नंबरी सूत म्हणजे पौंडात वीस लड्या, अर्थात 16,800 वार लांबीचा धागा. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. सूत बारीक निघणे हे कापसाच्या तंतूच्या लांबीवर अवलंबून असते. आखूड तंतूच्या कापसाचे सूत जाडच निघावयाचे, मग कातणारा कितीही निष्णात असो. आमच्या भागातील जुना देशी कापूस आखूड तंतूचा. त्यामुळे येथील घरगुती सूत जाडेभरडे आणि त्याचे कापड दणकट. उलट आंध्रातील पोंदूरूची खादी शंभर नंबरापर्यंतच्या सुताची असते. दोन्ही खादीच, दोन्ही पांढऱ्याच. पण एक घोंगडीसारखी अंगावर बसते आणि दुसरी धुक्यासारखी तरंगते.

तलम कापड खानदेशास अगदीच परके होते, असेही नाही. आज मध्य प्रदेशात असलेले बऱ्हाणपूर ही जुन्या खानदेशची राजधानी. सतराव्या शतकात टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या तेथून प्रवास करीत गेला. बऱ्हाणपूरचे पारदर्शक कापड इराण आणि तुर्कस्तानपर्यंत जात असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे तापीच्या खोऱ्यात जाड आणि तलम ही दोन्ही टोके पूर्वापार शेजारी शेजारी नांदत होती.

आता माझ्या नातीच्या घरच्या पुरुषांनी जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर देतो. सगळेच पांढरे असले, तर पाहावयाचे काय? बंगालमधील ढाक्याची जामदानी पाहा. तिच्या जुन्या उत्तम नमुन्यांत जमीन पांढऱ्या सुताची आणि त्यावरील वेलबुट्टीही पांढऱ्याच सुताची असे. फरक एवढाच की, जमिनीचा धागा अतिशय बारीक, म्हणून तिच्यातून उजेड आरपार जातो. बुट्टीचा धागा त्याहून जाड, म्हणून तेथे उजेड अडतो. दुसरा रंग वापरला नाही, तरी फुले स्पष्ट दिसतात. लखनौच्या चिकनकामातही जुनी रीत हीच, पांढऱ्या मलमलीवर पांढरा दोरा. कोठे टाका उठावाचा, कोठे जाळीचा, आणि कोठे तर कापडाच्या उलट बाजूने भरलेला, म्हणजे सुलट बाजूस केवळ सावली दिसावी. हे कारागीर रंगाला दरिद्री नव्हते. त्यांना रंगाची सारी समृद्धी ठाऊक होती, आणि तरीही त्यांनी ती बाजूस ठेवली. जेथे एकच रंग असतो तेथे डोळा रंगावर थांबत नाही. तो विणीवर जातो, चुण्यांवर जातो, सावलीवर जातो.

यामागील कारण शाळेतील मुलासही समजेल असे आहे. गुळगुळीत पृष्ठभाग उजेड एका दिशेने परत पाठवितो, म्हणून साटन चमकते. खरखरीत पृष्ठभाग तोच उजेड चोहोकडे उधळतो, म्हणून खादी मंद दिसते. विरळ विणीतून उजेड पलीकडे निघून जातो, म्हणून मलमलीखाली जे असेल त्याची छाया तिच्यावर पडते. एकाच कढईत धुतलेली ही तीन कापडे एकमेकांशेजारी ठेवा. तीन निरनिराळे पांढरे तुमच्या डोळ्यांपुढे उभे राहतील.

आणि पांढरा हा तरी एक रंग कोठे आहे? आपल्या जुन्या कापडदुकानदारांना विचारा. मागावरून उतरलेले, पाण्यात न पडलेले ते कोरे. त्याला किंचित पिवळसर झाक असते. धुऊन, उन्हात वाळवून स्वच्छ केलेले ते धुवट. परिटाने निळीतून काढलेले तिसरे, त्याला निळसर तेज. कोसा रेशमाचा पांढरेपणा तर मधाकडे झुकतो. ज्या भाषेत एकाच रंगासाठी इतके शब्द लोकांनी घडविले, त्या भाषेच्या माणसाने पांढऱ्यात पाहावयाचे काय असे विचारावे, याचे मला नवल वाटते.

आता पहिल्या आणि अधिक अवघड प्रश्नाकडे येतो. नवरीच्या अंगावर पांढरे कसे चालेल?

एकरंगी वस्त्राला आपल्या समाजात एक दुःखद इतिहास आहे, आणि तो लपविण्यात अर्थ नाही. ब्राह्मणादी घरांत नवरा मेल्यावर बाईचे केशवपन करीत आणि तिला तांबडे आलवण नेसवीत. इतरत्र कोठे पांढरे, कोठे बिनकाठाचे असे. रंग कोणताही असो, त्यातील हेतू एकच होता. काठ नको, पदर नको, चोळीवर नक्षी नको. सारे वस्त्र एका रंगाचे आणि एका पोताचे, म्हणजे पाहणाऱ्याची दृष्टी त्या बाईवर क्षणभरही ठरू नये. 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला आणि 1896 साली पुण्यास विधवांसाठी संस्था काढली. तेव्हा ते ज्या रूढीशी झगडत होते, तिचे सर्वांत उघड चिन्ह हे वस्त्रच होते. तेव्हा घरातील म्हाताऱ्या बायका पांढऱ्या रंगाला भितात, ही त्यांची निव्वळ अंधश्रद्धा म्हणून आपण हसू नये. त्या भीतीच्या मुळाशी हजारो बायकांची आयुष्ये आहेत.

परंतु याच पांढऱ्या रंगाने या देशात आणखी एक जन्म घेतला. 31 जुलै 1921 रोजी मुंबईस परळ भागात गांधीजींच्या हस्ते विलायती कापडाची मोठी होळी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात मदुरा येथे त्यांनी स्वतः केवळ पंचा नेसण्याचे व्रत घेतले. 1925 साली पाटण्यास चरखा संघ स्थापन झाला. पांढरी खादी हा लक्षावधी लोकांचा पेहराव बनला. श्रीमंत, गरीब, वकील, शेतकरी, सर्वांनी एकच रंग अंगावर घ्यावा, आणि एकमेकांपासून ओळखू येऊ नये, असा त्यामागील भाव होता. तो भाव पुरता सिद्धीस गेला असे मी म्हणणार नाही. रंग सारखा झाला तरी पोत सारखा झाला नाही. मोठ्या सुताची तलम खादी महाग, ती पैसेवाल्याच्या अंगावर. जाडीभरडी खादी स्वस्त, ती शेतकऱ्याच्या अंगावर. रंग बोलेनासा झाला की पोत बोलू लागतो, आणि तो कधी कधी आपल्याला न रुचणारे सत्यही बोलतो.

आणि आता इतिहासाचा योगायोग पाहा. राष्ट्रसभेचे अधिवेशन शहर सोडून खेड्यात भरविण्याचे ठरले, तेव्हा पहिला मान मिळाला तो आमच्या पूर्व खानदेशातील त्याच फैजपूरला, रंगाऱ्यांच्या गावाला. 27 आणि 28 डिसेंबर 1936 हे ते दिवस. हे पन्नासावे अधिवेशन, आणि पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष. धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे या भागातील कार्यकर्ते त्यासाठी राबले. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील शिक्षकाची नोकरी 1930 साली सोडून सत्याग्रहात पडलेले साने गुरुजी गावोगाव हिंडले. याच गुरुजींनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने लिहून घेतली होती. जेथे पिढ्यान्‌पिढ्या निळ्या-तांबड्या कापडाचे थान वाळत पडत, त्या गावाभोवती आता पांढऱ्या कपड्यांचा समुद्र लोटला.

त्या अधिवेशननगराची, म्हणजे टिळकनगराची, रचना शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बसू यांनी केली. ती माझ्या आजच्या विषयास अगदी लागू आहे. बसूंनी रंगीबेरंगी पताकांवर भिस्त ठेवली नाही. बांबू, गवत, चटया असे जे खेड्यातच मिळते तेवढेच त्यांनी घेतले. बांबूचा रंग पिवळसर, गवताचा पिवळसर, चटईचाही तोच. पण बांबू उभा आणि गुळगुळीत, चिरलेल्या कामट्यांची वीण जाळीदार, गवत मऊ आणि विसकटलेले. एका रंगात तीन पोत, आणि त्यातून दरवाजे, मंडप, सभास्थान उभे राहिले. अध्यक्षांची मिरवणूक निघाली तीही बसूंनी सजविलेल्या, सहा बैलजोड्यांनी ओढलेल्या रथातून. 25 डिसेंबरला खादी आणि ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी बसूंच्या या कलेचा मुद्दाम गौरव केला होता. माझी नात कापडाने जे करू पाहते, तेच त्यांनी बांबूने केले होते.

आता त्या पेटीकडे येतो.

माझी आजी तेव्हा वीस वर्षांची होती. आमच्या गावाहून बैलगाड्या जुंपून माणसे फैजपुरास निघाली, त्यात तीही होती. आपल्या हाताने कातलेल्या सुताचे, गावच्या साळ्याने विणलेले पांढरे लुगडे तिने त्या दिवसासाठी तयार केले होते. ते इतके जाड होते की निऱ्या धड बसेनात. मग आजीने आपली युक्ती केली. आजोबांचे एक खादीचे उपरणे वारंवार धुऊन अगदी मऊ पडले होते. त्याची तिने चोळी शिवली. आणि डिसेंबरची थंडी म्हणून दोसुती विणीची पांढरी पासोडी खांद्यावर घेतली. लुगडे खरखरीत, चोळी लोण्यासारखी, पासोडी जड आणि उबदार. तिन्ही पांढरी. कपाळी कुंकू आणि हातात हिरव्या बांगड्या.

तिच्या सासूने, म्हणजे माझ्या पणजीने, दारात तिला अडविले. नवरा जिवंत असताना बिनकाठाचे पांढरे नेसून कोठे निघालीस, असे तिने विचारले. आजोबा मध्ये पडले, म्हणून गाडी निघाली. पणजी पुढे चार दिवस सुनेशी बोलली नाही.

सात वर्षांनी, 1943 साली, आजोबा वारले. कुंकू पुसले गेले, बांगड्या फुटल्या. दहाव्या-बाराव्यानंतर आजीने पेटी उघडली आणि तेच लुगडे, तीच चोळी बाहेर काढली. आता कोणी तिला अडविले नाही. उलट, जे रूढीला हवे होते तेच तिने केले, असे सर्वांना वाटले. यातील खरी गोष्ट मला ती थकल्यावर, मी शिक्षक झाल्यावर कळली. तिने मला ते लुगडे दाखविले आणि म्हणाली, "लोकायले वाटलं हे रांडपणाचं पांढरं. पण हे मी आधीच निवडलं होतं." मग माझा हात धरून तिने लुगड्यावरून फिरविला, चोळीवरून फिरविला, आणि म्हणाली, "डोयाले रंग दिसतो. पोत हातालेच कयतो."

श्रोतेहो, या दोन वाक्यांत माझ्या मते सारे येऊन जाते. रूढीने लादलेले पांढरे आणि मनाने निवडलेले पांढरे रस्त्यावरच्या माणसाला एकसारखेच दिसते. त्यांतील भेद रंगात नसतो. रूढीला एकच पोत हवा असतो, कारण तिला सगळे सपाट करावयाचे असते. निवडणारा माणूस जाडाशेजारी तलम ठेवतो, जडाशेजारी हलके ठेवतो. तेथे हात फिरलेला असतो, विचार केलेला असतो. आजीने शेवटपर्यंत जाड लुगड्यावर मऊ चोळी घातली. तेवढेच तिचे बोलणे होते, आणि ते ऐकणारे फार थोडे होते.

ज्यांना लग्नातील खादीचे उदाहरण हवे असेल त्यांनी इंदिरा नेहरू यांचा विवाह आठवावा. 26 मार्च 1942 रोजी अलाहाबादेस त्यांनी फिकट गुलाबी खादीची साडी नेसून लग्न केले. तिचे सूत त्यांच्या वडिलांनी तुरुंगात कातलेले होते. जरतारी शालूंच्या त्या काळात एका मोठ्या घराण्याच्या मुलीने केलेली ती निवडच होती.

आता ज्या मुली माझ्या नातीप्रमाणे असा पोशाख शिवू इच्छितात, त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून भाषण आवरतो. त्यातील बऱ्याच मला त्या नातीनेच शिकविल्या आहेत.

पहिली गोष्ट, कापडे निवडावयाची ती दिवसाच्या उजेडात, तेही एकमेकांवर ठेवून. दुकानातील दिव्याखाली सगळे पांढरे भाऊ भाऊ दिसतात, आणि अंगणात आल्यावर एक पिवळे तर दुसरे निळे निघते. कोऱ्या कापडाला निळीच्या कापडाशी जोडले तर कोरे मळके भासते. पांढऱ्याची झाक एका कुळातीलच असावी.

दुसरी, बेतण्यापूर्वी प्रत्येक कापड दोनदा पाण्यातून काढावे. खादी बरीच आटते, साटन फारसे आटत नाही. न धुता जोडली तर पहिल्याच धुण्यात शिवण आखडते आणि सारा घेर सुरकुततो. आजीची चोळी इतकी वर्षे टिकली, कारण ती आधीच शंभर वेळा धुतलेल्या कापडाची होती.

तिसरी, जड कापड खाली आणि हलके वर. जाड खादीचा घेर आपल्या वजनाने खाली उतरतो आणि उभे राहण्याला डौल देतो. तीच खादी खांद्यावर आली तर माणूस पोत्यासारखा दिसतो. मलमलीला जाड कापड जोडावयाचे असेल तर जोडाखाली पट्टी द्यावी, म्हणजे जडाच्या ओढीने तलम फाटत नाही.

चौथी आणि शेवटची गोष्ट, तिन्ही पोतांना सारखा वाटा देऊ नये. घरात तीन माणसे एकाच वेळी बोलू लागली तर कोणाचेच ऐकू येत नाही. एक पोत मुख्य असावा, दुसरा त्याला जाब देणारा, आणि तिसरा अगदी थोडा. गळ्याशी, मनगटाशी, जेथे माणसाची नजर हळूच येऊन थांबते.

नातीच्या पोशाखाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. मी माझा निवाडा दिला तो इतकाच : आजीच्या पेटीतील लुगडे मी तिला नेऊन दिले. ते आता बरेच विरले आहे आणि घेराला पुरणार नाही. पण त्यातील धड राहिलेल्या भागातून पोलक्याच्या गळ्याची पट्टी निघेल, असे ती म्हणते. साटनावर तो खरखरीत तुकडा कसा शोभेल अशी शंका तिच्या आईने काढली. मी म्हणालो, एकदा हात फिरवून पाहा. तिने पाहिला, आणि बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या होणाऱ्या सासूबाईंचे मन अजून वळावयाचे आहे. त्यांच्यावर कोणी रागावू नये, असे मी नातीला बजावले आहे. माझ्या पणजीनेही गाडी दारातच अडविली होती. पण आजी फैजपुराहून परत आली तेव्हा चूल पेटवून, पाणी तापवून ठेवणारी तीच होती.